जुन्या गावरान वाणांची घरची भाजीबाग: बी पेरण्यापासून बी धरेपर्यंत

घरी भाजी लावायची म्हटलं की बहुतेक जण आधी कुंड्या, माती, खत याच्या मागे लागतात आणि बियाणं मात्र जे हाताला लागेल ते. माझं म्हणणं उलटं आहे, बियाणं आधी ठरवा. खत घरी केलं, पाणी वाचवलं, फवारणी बंद केली, सगळं चांगलंच आहे, पण दर सीझनला बियाण्याचं पाकीट विकतच आणावं लागत असेल तर बाग अजून बाहेरच्याच जिवावर चाललीये. ज्या वर्षी तुम्ही स्वतःच्या झाडाचं बी पेरता आणि त्याला परत तीच भाजी लागते, त्या वर्षी ती बाग खरी तुमची. म्हणून जुने वाण लावायचे. चव हे पण कारण आहेच, पण ते माझ्यासाठी दुसऱ्या नंबरवर.

बी घेताना पहिलं काम म्हणजे पाकिटावर एफ-१ किंवा हायब्रिड लिहिलंय का ते बघणं. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम केलेला संकर, त्याची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, पण तिचं बी धरून पेरलं की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे सुटे होऊन बाहेर पडतात, एक झाड उंच, एक बुटकं, एकाचं फळ गोल, दुसऱ्याचं लांबट. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरचं जे काम छापलं त्यात हेच दिसलं होतं. खूप जण सांगतात की हायब्रिडचं बी उगवतच नाही, ते खरं नाही, सहसा छान उगवतं, फक्त काय येईल त्याची खात्री नसते. आणि हायब्रिड म्हणजे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं बी, पण नव्हे, त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. बी धरायचं असेल तर आपल्याला हवा सरळ वाण, म्हणजे भेसळ होऊ दिली नाही तर आईसारखंच लेकरू येतं असा, आणि असा सरळ वाण पिढ्यानपिढ्या लोकांनी घरात जपत आणला की तो गावरान. सगळे जुने वाण सरळ असतात पण सगळे सरळ वाण जुने नसतात, घरच्या बागेला दोन्ही चालतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर निराशा नको. जुन्या वाणांना रोग येत नाही असं जे बोललं जातं ते सरसकट खरं नाही. बऱ्याच हायब्रिड टोमॅटोंत मर रोग, सूत्रकृमी यांच्याविरुद्धची ताकद मुद्दाम आणलेली असते, जुन्या टोमॅटोत ती बहुतेक वेळा नसते. जुन्या वाणांची ताकद वेगळीकडे आहे. एकाच वाणाच्या दोन झाडांत थोडा थोडा फरक असतो, आणि तुमच्या मातीत, तुमच्या उन्हात जे झाड चांगलं टिकलं त्याचंच बी दरवर्षी धरत गेलात तर काही पिढ्यांत तो वाण तुमच्या जागेला सरावत जातो. शिवाय फळं बहुतेक एकदम न पिकता मागेपुढे पिकतात, जे बाजारासाठी पिकवणाऱ्याला नको असतं पण घरच्या ताटाला अगदी बरोबर.

सुरुवात करताना हाव करू नका. ३-४ भाज्या, आणि प्रत्येक भाजीचा एकच वाण. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण छोट्या जागेत एकाच भाजीचे दोन वाण शेजारी शेजारी लावले की मधमाश्या त्यांची सरमिसळ करणार, आणि एकच वाण असेल तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. पहिल्या वर्षासाठी टोमॅटो, घेवडा, वाटाणा, चवळी, मेथी, लेट्यूस यातलं काहीतरी घ्या, यांचं परागीभवन जास्त करून त्याच फुलाच्या आत होतं त्यामुळे भेसळीची भीती कमी. वांगी, मिरची, भेंडी मधल्या गटात, स्वतःचं स्वतः जमवतात पण किडे भेसळ करू शकतात. वेलभाज्या, म्हणजे काकडी, दुधी, भोपळा, दोडका, कारली, यांचं बी भेसळ नसलेलं हवं तर हाताने परागीभवन करावं लागतं, ते जमतं, पुढे सांगते. कोबी, फ्लॉवर, गाजर, कांदा यांचं बी धरणं हे नवख्याचं काम नाही, ही झाडं सहसा दुसऱ्या वर्षी आणि थंडी मिळाल्यावर फुलतात आणि चांगलं बी धरायला एकाच वाणाची भरपूर झाडं लागतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल ही सगळी शास्त्राच्या दृष्टीने एकच जात आहे, शेजारी फुलली तर आपापसात बिनदिक्कत मिसळतात. मका वाऱ्यावर फळतो आणि मोजक्या झाडांचं बी धरत राहिलं की पिढी दर पिढी खुरटत जातो, जाणकार त्याला दोनेकशे झाडं तरी हवीत म्हणतात, म्हणजे घरच्या बागेत खायला लावा, बियाला नको.

आता माती. यावर फार लांबण लावत नाही कारण यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. कुंडीत नुसती बागेची माती भरू नका, ती पाण्याने दगडासारखी घट्ट होते, तिच्यात साधारण तेवढंच मुरलेलं कंपोस्ट आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. पीट मिळत असलं तरी टाळा असं माझं स्पष्ट मत आहे, ते दलदलीतून खणून काढतात, तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि उकरलं की साठलेला कार्बन हवेत जातो, त्याचं काम पालापाचोळ्याचं खत चांगलं करतं. पालेभाजीला १५ ते २० सेंमी खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला एका झाडाला १५-२० लिटरची कुंडी, वेलाला त्याच्या दुप्पट किंवा सरळ जमीन. फळभाज्यांना रोज ६ तास तरी ऊन हवंच, पालेभाज्या ३-४ तासांवर भागवतात.

कंपोस्टला एकच गोष्ट लक्षात ठेवा, ओल्या स्वयंपाकघरच्या कचऱ्याच्या दोन-तीन पट वाळलेली पानं किंवा पुठ्ठ्याचे तुकडे घाला, वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालं, कुजतच नाहीये म्हणजे कोरडं जास्त झालं. बस. पण खत जास्त देऊ नका हं, विशेषतः नत्र. जुन्या टोमॅटोला भरमसाट खत घातलं की नुसता पाला माजतो, फुलं कमी, आणि कोवळ्या लुसलुशीत शेंड्यावर मावा धावत येतो.

घेवडा-चवळीच्या मुळांवरच्या गाठींत जे जिवाणू राहतात ते हवेतला नत्र धरतात, एक मूळ उपटून गाठ फोडून बघा, आतून गुलाबी असली तर काम चालू आहे. पीक संपलं की झाड उपटू नका, बुडाशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. त्याने पुढच्या पिकाचं सगळं खत सुटतं असं मात्र नाही, बराचसा नत्र शेंगांमधून आपण खाऊन टाकलेला असतो, पण माती भुसभुशीत राहते आणि थोडी भर पडतेच.

पेरताना बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, माठ-राजगिऱ्यासारखं बारीक बी तर नुसतं मातीवर टाकून वरून चिमूटभर माती. लेट्यूसला उगवायला उजेड लागतो, ते झाकू नका. टोमॅटो, मिरची, वांगी यांना २५ ते ३० अंश ऊब मिळाली तर पटकन उगवतात, मिरची मुळातच सावकाश असते, दोन आठवडे लागले तरी घाबरू नका. पाणी सकाळी, बुडाशी, आणि रोज शिंपडा मारण्यापेक्षा बोट दोन पेरं आत घालून बघा, आत कोरडं असेल तेव्हाच भरपूर. मातीवर ५-७ सेंमी वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला, बुंध्याला चिकटू देऊ नका, पाण्याची गरज चांगलीच कमी होते.

किडींसाठी आधी काही फवारू नका, आधी बघा. मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा पुष्कळदा पुरतो, नाहीतर १ लिटर पाण्यात ५ मिली सौम्य द्रवसाबण, आधी एका पानावर मारून बघायचा आणि उन्हात मारायचा नाही. बियाला सोडलेली कोथिंबीर, मुळा, बडीशेप फुलली की त्या बारीक फुलांवर मावा खाणारे किडे, म्हणजे लेडीबर्ड आणि फुलमाश्या, येऊन राहतात. बी धरणाऱ्याच्या बागेत कायम काही ना काही फुललेलं असतं त्यामुळे हे राखणदार आपोआप मिळतात, हा मला फार मोठा फायदा वाटतो.

आता खरा विषय, बी धरणं. यात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे लोक चांगली फळं खाऊन घेतात आणि सीझनच्या शेवटी जे वाकडंतिकडं, किडकं उरलं त्याचं बी ठेवतात. असं दरवर्षी केलं तर तुम्ही दरवर्षी त्यातलं कमी चांगलं निवडताय. बियाचं झाड आधी ठरवायचं, फळं धरायला लागली की लगेच, आणि त्याला लाल धागा बांधायचा म्हणजे घरात कोणी तोडणार नाही. निवडताना एकटं मोठं फळ बघू नका, पूर्ण झाड बघा. एका झाडावर एकच मोठं फळ आणि बाकी काही नाही, त्यापेक्षा मध्यम फळांनी लगडलेलं, शेवटपर्यंत हिरवंगार राहिलेलं झाड केव्हाही चांगलं. पालेभाजीत उलटं भान ठेवावं लागतं, जे झाड सगळ्यात आधी फुलावर येतं त्याचं बी आयतं आधी मिळतं म्हणून लोक तेच ठेवतात, आणि मग पुढच्या वर्षी सगळा वाफा लवकर फुलावर येतो आणि पानं खायला मिळतच नाहीत. लवकर फुललेली उपटून खाऊन टाका, सगळ्यात शेवटी फुललेल्याचं बी धरा. पानांवर पिवळेहिरवे ठिपके, पानं आक्रसलेली, म्हणजे विषाणूचा संशय असलेलं झाड बियाला कधीच नको, घेवडा आणि टोमॅटोचे काही विषाणू बियातून पुढे जातात. आणि शक्य असेल तिथे एकाच झाडाचं न धरता ५-६ झाडांचं थोडं थोडं एकत्र करा.

आणखी एक, जे फळ बियाला सोडलंय ते झाडाला थकवतं. काकडी, भेंडी, घेवडा यांच्यावर एखादं फळ जून होऊ दिलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं आणि नवीन फळं कमी होतात. म्हणून एक-दोन झाडं पूर्ण बियालाच द्यावी, बाकीची खायला. हे थोडं जिवावर येतं, पण करा.

घेवडा, चवळी, वाटाणा सगळ्यात सोपं, शेंगा झाडावरच वाळून खडखडल्या पाहिजेत, पावसाची लक्षणं असतील तर अख्खं झाड उपटून आत उलटं टांगा. दाण्यात नख रुतलं तर अजून ओलं आहे. भेंडी पण तशीच, निबर होऊन, वाळून, शिरांवर तडकायला लागली की काढा. मिरची पूर्ण लाल किंवा त्या वाणाचा जो शेवटचा रंग असेल तो येऊ द्या, तिखट असेल तर बी काढताना हातमोजे घाला, हे विसरू नका. वांगं खायच्या अवस्थेत बी कच्चं असतं, ते पिवळट-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवा, मग खालचा बिया असलेला भाग कुस्करून पाण्यात टाका, भरलेलं बी खाली बसतं, पोचट वर तरंगतं.

टोमॅटोच्या बियाभोवती जो बुळबुळीत थर असतो तो उगवण रोखून धरतो. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट एका काचेच्या भांड्यात काढा, अगदी थोडं पाणी, वर कापड बांधा, आणि २-३ दिवस सावलीत राहू द्या. रोज एकदा हलवा. वर पांढरा थर येतो, आंबूस वास येतो, घाबरायचं काही नाही तसंच व्हायला पाहिजे, पण ऊबेच्या हवेत त्याच्यापुढे ठेवलं तर बी भांड्यातच अंकुरायला लागतं. मग भरपूर पाणी ओतून वरचं सगळं ओतून टाका, चार-पाच वेळा धुवा, आणि बशीवर पसरून वाळवा. कागदावर पसरू नका, चिकटून बसतं.

काकडी पिवळी-तपकिरी होऊन फुगेपर्यंत वेलावर, आणि तोडल्यावर अजून दोन-तीन आठवडे घरात. भोपळा तोडल्यावर महिनाभर ठेवून मग कापा, तोवर आतलं बी भरत राहतं. म्हणजे भोपळ्यात खाणं आणि बी दोन्ही एकाच फळातून, दुसरं काही सोडावं लागत नाही.

वेलभाज्यांचं हाताने परागीभवन असं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. भोपळ्याची फुलं सकाळी लवकर उमलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी जी फुलं उद्या उमलणार असं दिसतं, टोकाला पिवळी झालेली, त्यातलं एक मादी आणि दोन-तीन नर फुलं टोकाशी दोऱ्याने किंवा क्लिपने बंद करा म्हणजे मधमाशी आत जाणार नाही. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला पराग मादी फुलाच्या मध्यावर नीट फिरवा, आणि मादी फूल लगेच परत बंद करून देठाला रंगीत धागा बांधा. शक्यतो नर एका वेलाचा आणि मादी दुसऱ्या वेलाची. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून त्यांचं हेच काम संध्याकाळी. सगळी फुलं धरत नाहीत, म्हणून चार-पाच करून ठेवा.

इथे एक भीती दूर करायला हवी. काकडीशेजारी खरबूज लावलं की काकडीची चव बिघडते असं ऐकू येतं, तसं होत नाही, त्या दोन जाती आपापसात फळतच नाहीत. दुधी आणि लाल भोपळ्याचं पण तसंच. आणि भेसळ झाली तरी ह्या वर्षीच्या फळाचा गर आईचाच असतो, फरक बियात जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. म्हणून गोडी मिरची आणि तिखट मिरची शेजारी असेल तर ह्या वर्षी गोडी गोडीच राहील, पण तिच्या बियातून पुढच्या वर्षी तिखट झाड निघू शकतं, कारण तिखटपणा हा वरचढ गुण आहे. मिरचीच्या बियाच्या फांदीला फुलं उमलायच्या आधी पातळ जाळीची पिशवी बांधा, फळं धरली की काढा आणि त्या फळांना खूण करा.

एक मात्र गंभीरपणे घ्या. घरी धरलेल्या बियाचा भोपळा, दुधी, काकडी यातलं काहीही कडू लागलं तर लगेच थुंका, सगळं फेकून द्या. शोभेच्या किंवा जंगली भोपळ्याशी भेसळ झाली की कुकुरबिटासिन नावाचं कडू विष फळात परत येऊ शकतं, शिजवून ते जात नाही, आणि माणसं खरोखर आजारी पडतात. बी काढायच्या आधी प्रत्येक फळाचा अगदी छोटा तुकडा जिभेला लावून बघा, तो वेल कडू निघाला तर त्याचं बी पण नको.

वाळवणं आणि साठवणं यावर बियाचं आयुष्य ठरतं. कडक उन्हात नको, ३५ अंशांच्या वर बी तापलं की जीव कमी होतो, सावलीत वारा खेळेल अशा ठिकाणी पसरून आठवडा-दोन आठवडे. घेवड्याचं बी दगडाने ठेचल्यावर फुटलं पाहिजे, चेपलं जायला नको. भोपळ्याचं बी वाकवलं की कटकन मोडलं पाहिजे. मोठा नियम असा की बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की परत साधारण दुप्पट. हवा दमट असेल तर नुसत्या वाऱ्यावर पुरेसं वाळत नाही, मग घट्ट झाकणाच्या बरणीत बियाच्या वजनाएवढं सिलिका जेल, किंवा भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ, कापडात बांधून आठवडाभर ठेवा. शेंगवर्गीय बियांवर भुंग्याची अंडी किंवा आत त्याच्या अळ्या आधीच असू शकतात, म्हणून पूर्ण वाळलेलं बी हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. ओलसर बी फ्रीझरमध्ये घातलं तर मरतं. आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर बियांवर दव धरतं आणि वाळवायची सगळी मेहनत वाया.

प्रत्येक पुडीवर वाणाचं नाव, कुठून मिळालं, धरल्याचं वर्ष, आणि झाडाबद्दल एक ओळ, उदाहरणार्थ 'उशिरा फुललं' किंवा 'पाणी कमी असताना टिकलं'. आता आठवतंय म्हणून पुढच्या वर्षी आठवेल असं नसतं. कांद्याचं बी एक-दोन वर्षांत मंदावतं, घेवडा-चवळी ३-४ वर्षं, टोमॅटो, वांगी ४-५, काकडी-भोपळा पण ५ पर्यंत, हे घरच्या साध्या कोरड्या थंड जागेचे आकडे. सगळं बी एकदम कधीच पेरू नका, अर्धं मागे ठेवा, आणि थोडं दुसऱ्या कोणाला तरी लावायला द्या. तुमच्याकडे एका वर्षी रोग आला किंवा बरणीत बुरशी लागली तर तुमचाच वाण त्यांच्याकडून परत मागता येतो.

पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी उगवण तपासून घ्या. २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं पिळलेलं असावं, टपटपणारं नको, मग प्लास्टिकच्या पिशवीत सैल ठेवून उबेच्या जागी. भाजीप्रमाणे ५ ते १४ दिवसांत मोजा. १६-१७ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, १०-१२ उगवल्या तर दुप्पट दाट पेरा आणि नंतर विरळणी करा. त्याच्याही खाली आलं तर त्या वर्षी त्या वाणाची भाजी खायचा विचार सोडा, जेवढी रोपं उगवतील तेवढी सगळी बियाला ठेवा.